दहा वाजताचा दाखला

रोज सकाळी दहा वाजता आई खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसायची. अंघोळ झालेली, केस विंचरलेले, अंगावर घडीची साडी. मी फोन तिच्या चेहऱ्यासमोर धरायचे. पडद्यावर एक गोल यायचा. त्या गोलात तिचा चेहरा बसवायचा आणि मग फोन सांगेल तसं तिनं करायचं. डोळे मिचकवायचे. डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं. शेवटी हसायचं. एवढं झालं की हिरवी खूण यायची आणि मी म्हणायचे, "झालं."

"झालं? जिवंत हाय ना मी?" आई विचारायची.

"आजच्यापुरती आहेस," मी म्हणायचे.

हे आठ महिने चाललं. ते का सुरू झालं आणि कसं संपलं हे लिहायचा मला काही उत्साह नाही. पण डोक्यातून जात नाही, म्हणून एकदा लिहून टाकते.

मी खराडीला एका कंपनीत अठरा वर्षं परदेशातल्या गिऱ्हाइकांची बिलं तपासत होते. बिलावरचा आकडा आणि यादीतला आकडा जुळतो का ते बघायचं, जुळला नाही तर लाल खूण करायची. कामात काही थोर नव्हतं, पण मी ते चोख करत होते. एका सोमवारी आम्हा सगळ्यांना एका थंडगार खोलीत बसवलं, पाण्याच्या बाटल्या वाटल्या आणि सांगितलं, की हे काम यापुढे सॉफ्टवेअर करणार. बाटली मी घरी घेऊन आले. अठरा वर्षांचं तेवढंच हाताला लागलं, असं तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

मी सत्तेचाळीस वर्षांची होते. लग्न केलेलं नाही. का केलं नाही हा इथला विषय नाही. येरवड्यात आमचं दोन खोल्यांचं घर आहे, बाबांनी सरकारी कचेरीत कारकुनी करून घेतलेलं. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांच्यामागे आईला पेन्शन मिळते. माझा पगार थांबला, साठवलेलं हळूहळू संपलं आणि घर त्या पेन्शनवर आलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी आईच्या, म्हणजे खरं तर गेलेल्या बापाच्या, पैशांवर जेवायचं. पहिला घास घेताना मला रोज लाज वाटायची. आईनं कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, त्यानं ती लाज आणखी वाढायची.

नोकऱ्या शोधल्या नाहीत असं नाही. कर्वेनगरला एका क्लासच्या ऑफिसात मुलाखतीला गेले, तर समोरची पोरगी म्हणाली, "मॅम, तुम्ही या पोस्टसाठी ओव्हरक्वालिफाइड आहात." म्हणजे म्हाताऱ्या आहात. इंग्रजीत सांगितलं की अपमान जरा स्वच्छ वाटतो. अशा चार-पाच जागा फिरून झाल्यावर, त्याच सोमवारी बाटली मिळालेल्या माझ्या एका मैत्रिणीनं लिंक पाठवली. एक ॲप होतं. त्यात सोपी सोपी कामं करायची, त्याबद्दल त्या ॲपचं नाणं मिळतं, नाणी साठली की ती विकून रुपये येतात. क्रिप्टो. "घरबसल्या," तिनं लिहिलं होतं. पुढे नाचणाऱ्या बाईचं चित्र.

कामं खरंच सोपी होती. दोन फोटोंतलं दुकान एकच आहे का ते सांगा. चित्रात सिग्नल कुठे आहे त्यावर बोट ठेवा. एका प्रश्नाची दोन उत्तरं वाचा आणि त्यातलं सभ्य कुठलं ते निवडा. जाहिरात संपेपर्यंत बघा, मग जाहिरातीतल्या बाईच्या हातात काय होतं ते लिहा. आणि कधी कधी यायचं चुरगळलेलं बिल. त्यावरचा आकडा वाचून टाइप करा. ज्या सॉफ्टवेअरनं माझी नोकरी घेतली, त्याच्याच कुठल्यातरी धाकट्या भावाची मी आता शिकवणी घेत होते. त्याबद्दल मिळायचा नाण्याचा एवढा बारीक तुकडा, की दशांशचिन्हापुढची शून्यं मोजताना डोळे दुखायचे. पी हळद आणि हो गोरी असलं काही मला अपेक्षित नव्हतं. पण घरात माझ्या हातचं काहीतरी यावं, निदान महिन्याचा गॅस तरी माझ्या कमाईचा असावा, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी सकाळपासून मान मोडून बसायचे.

अडचण अशी होती की एका माणसाला दिवसाला ठरावीकच कामं मिळायची. आणि माणूस खरंच माणूस आहे, मशीन नाही, हे ॲपला रोज चेहरा दाखवून पटवावं लागायचं. एक दिवस खाडा झाला की साठलेली साखळी तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. माझं मी रोज करत होते. मला हसायला काही लागत नाही. अठरा वर्षं ऑफिसात दुसरं काय केलं? पण एका चेहऱ्याची कामं दुपारपर्यंत संपून जायची. घरात दुसरा चेहरा होता.

एका दुपारी बाबांच्या फायलीतून आईचं आधार कार्ड काढलं, तिच्या नावानं खातं उघडलं आणि फोन घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. उन्हाळा होता, वीज गेली होती, माझी मान भरून आली होती.

"हे काय करतीया?" आईनं विचारलं. आईचं माहेर खराडी. ती तिथे वाढली तेव्हा तिथे ज्वारीची रानं होती, आणि इतकी वर्षं येरवड्यात काढूनही तिच्या जिभेवरून ती रानं गेलेली नाहीत.

"तुझा चेहरा नोंदवायचाय."

"कशाला? हयातीचा दाखला हाय का?"

ज्यांच्या घरी पेन्शन येते त्यांना हा दाखला सांगायला नको. दर नोव्हेंबरात बँकेत जायचं, यादीत आपल्या नावापुढे सही करायची आणि आपण अजून जिवंत आहोत हे सरकारला कळवायचं. नाही कळवलं तर सरकार आपल्याला मेलेलं धरतं आणि पेन्शन थांबते. आईला पेन्शनबद्दल एवढी एकच गोष्ट पक्की ठाऊक होती.

मी तिला खरं सांगायला हवं होतं. पण क्रिप्टो म्हणजे काय, हे मलाच नीट कळलेलं नव्हतं. नसलेलं नाणं नसलेल्या पाकिटात जमतं, हे मी तिला कसं समजावणार होते? तासभर गेला असता, शेवटी ती म्हणाली असती "ह्ये काय खरं न्हाई पोरी", आणि ते मला ऐकायचं नव्हतं. कारण ते मलाही वाटत होतं.

"हं," मी म्हणाले.

एवढंच. मी नीट खोटंसुद्धा बोलले नाही.

आईनं मला थांबवलं. आत गेली, तोंड धुतलं, केस विंचरले, विहारात जाताना नेसते ती निळ्या काठांची पांढरी साडी नेसून आली. बाबांची शिकवण होती ती. कागद आणि कपडा, दोन्ही स्वच्छ पाहिजेत, ते म्हणायचे; आपल्याला लोक आधी बघतात आणि मग ऐकतात. कुठलाही सरकारी कागद हातात आला की ते आधी खिडकीपाशी उजेडात धरून शिक्का बघायचे. शिक्का खरा दिसला की मगच वाचायचे. किराणावाल्याचं बिलही ते उजेडात धरायचे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन घेऊन गेले, तेव्हा आई जरा चक्रावली. "आता रोज लागतो व्हय?"

"आता असंच आहे."

"पहिलं वर्षातनं एकदा इश्वास बसायचा," ती म्हणाली. "आता रोज इचारत्यात म्हातारी मेली का म्हणून." आणि केस विंचरायला गेली.

बाबा गेल्यापासून तिनं स्वतःकडे बघणं सोडलं होतं. केसांना चार चार दिवस फणी लागायची नाही, पौर्णिमा असली तरच साडी बदलायची. आता ती रोज दहाच्या आत तयार असायची. सरकारी काम होतं ना. मी ते बघत होते आणि माझं मलाच समजावत होते, की बघ, खोट्यातूनही काही बरं निघतं.

खरी पंचाईत हसण्याची होती. डोळे मिचकवणं, मान वळवणं तिनं पहिल्याच दिवशी शिकून घेतलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला उजवा डोळा जरा उशिरा मिटायचा, तेही ॲपनं चालवून घेतलं. पण हसायला ती तयार होईना. सरकारी कागदावरच्या कुठल्याच फोटोत ती हसलेली नाही. "दाखल्याला कशापायी हसायचं?" तिचा प्रश्न रास्त होता. पहिल्या दिवशी मीच वेडावून दाखवल्यावर कुठे ओठ हलले. दुसऱ्या दिवशी ते चाललं नाही. ॲपला दात दिसायला हवे होते.

म्हणून मी तिला हसवायला लागले. सुरुवात बाबांपासून केली. माझ्या आत्याच्या लग्नात बाबांनी आहेर देणाऱ्या प्रत्येकाला पोचपावती फाडून दिली होती, ती गोष्ट. आई हसली, खूण आली. झेंडावंदनाला ते एका पायात तपकिरी आणि दुसऱ्या पायात काळा बूट घालून गेले आणि साहेबांनी विचारल्यावर म्हणाले, "साहेब, असलाच एक जोड घरी पण आहे", ती गोष्ट. दोन आठवड्यांत बाबा संपले. मग मामा, मग शेजारी, मग माझ्या ऑफिसातले साहेब. पुढे पुढे तर मी आदल्या दिवसापासूनच जमवायला लागले. भाजी घेताना, रिक्षात, दवाखान्याच्या रांगेत कुणी काही गमतीचं बोललं की मनात बाजूला ठेवायचे. हे उद्या दहाला. मटकीला मोड आलेत का म्हणून विचारल्यावर भाजीवाली मला म्हणाली होती, "ताई, मोड आलेत, लग्न जमलं की पत्रिका पाठवते." आई त्यावर दोन दिवस हसत होती, म्हणजे माझी एका दिवसाची गोष्ट वाचली.

मी इथे स्वतःला बरं दाखवणार नाही. सुरुवातीला मला फक्त ती हिरवी खूण हवी होती. पुढे मला खूण हवी होती की तिचं हसणं, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. दिवसभर आम्ही दोघी फारसं बोलत नसू. ती तिच्या खोलीत, मी माझ्या फोनमध्ये. दहा वाजताची ती दोन-तीन मिनिटं होती फक्त.

आमच्या मजल्यावरच एक काकू राहतात. त्यांचे यजमान बाबांच्याच कचेरीत होते, तेही आता नाहीत. विहारात आई आणि काकू शेजारी शेजारी बसतात. दर नोव्हेंबरात दोघी मिळून रिक्षानं बँकेत जायच्या, सही करायच्या आणि येताना एक मसाला डोसा दोघींत खायच्या. मी नोकरीत असताना त्या गोष्टीशी माझा कधी संबंध आला नाही. तो त्यांचा दिवस होता.

पावसाळ्यात एकदा काकू दहाच्या सुमारास आल्या आणि सगळा प्रकार त्यांनी पाहिला. आईनं अभिमानानं सांगितलं, की आता बँकेत जायला नको, पोरगी घरीच दाखला देते. काकू माझ्याकडे वळल्या. "मग माजा बी काढ की गं. गुडघं लई दुखत्यात."

तिसरा चेहरा. मी क्षणभर हिशोब केला, तो केला नाही असं म्हणणार नाही. मग माझीच मला किळस आली आणि मी जरा तुटकपणे म्हणाले, "काकू, तुम्ही बँकेतच जाऊन करा. हे सगळ्यांचं होत नाही."

"आसू दे बाई," काकू म्हणाल्या. "शिकल्यासवरल्यांची कामं, आमाला काय कळत्यात." चहा न घेताच गेल्या आणि नंतर यायच्याच बंद झाल्या. त्या रात्री जेवताना मला वाटत होतं, की आज मी एक तरी गोष्ट सरळ केली. एका म्हातारीला फसवलं नाही.

नोव्हेंबरात एकदा आई संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मी कामात होते. त्या दिवशी दुप्पट नाणी देणारी कामं आली होती, दोन पत्त्यांतला खरा पत्ता कुठला ते ओळखायचं होतं. आई म्हणाली, "ती गेल्ती आज बँकेत. एकलीच गेली. मला हाक बी मारली न्हाई."

"हं," मी म्हणाले.

"जाऊ दे. माजं तर हुतंयच रोज."

"हं."

हे बोलणं मला तेव्हा ऐकूच आलं नाही. नंतर शब्दन्‌शब्द आठवलं. कानावर पडलेलं कुठेतरी साठत असावं.

जानेवारीत पेन्शनचा मेसेज आला नाही. एक तारखेला नाही, पाच तारखेला नाही. आठ तारखेला मी भाजी चिरत होते आणि माझ्या हातातली सुरी थांबली. दाखला. जी पेन्शन खायची लाज वाटते म्हणून मी हे सगळं मांडलं होतं, तीच मी थांबवून बसले होते. आईला मी एवढंच म्हटलं, की बँकेत जाऊन येऊ, काहीतरी अडकलंय. तिनं कपाटातून निळ्या काठांची साडी काढली.

बँकेत पेन्शनच्या खिडकीला एक पन्नाशीच्या बाई होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी संगणकात पाहिलं. "आजी, आपला हयातीचा दाखला आलेला नाही."

"दिलाय की," आई म्हणाली.

"नोव्हेंबरमध्ये आपण आला नाहीत. यादीत सही नाही आपली."

"अवं, रोज देतीया मी. रोज दहा वाजता. घरनं."

"रोज?" बाईंनी चष्मा वर केला. "कुणाला?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी काचेवर चिकटवलेली सूचना वाचत राहिले. बोलायला हवं होतं, त्या क्षणी तरी. आईला वाटलं, बाईंना समजलेलं नाही. मग तिनं करून दाखवलं. खिडकीपुढे सरळ उभी राहिली, पदर खांद्यावर नीट घेतला आणि डोळे मिचकवले. उजवा जरा उशिरा. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. आणि मग त्या बाईंकडे बघून, दात दिसतील अशी हसली.

मागे रांग होती. रांगेतलं कुणीतरी खुसखुसलं. खिडकीतल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला वाटतं त्यांना पुष्कळ काही कळलं. "अहो आजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "इथे नुसती सही लागते." यादी पुढे सरकवली. पुढच्या महिन्यात मागचं धरून सगळं जमा होईल, असं त्यांनी मला उद्देशून सांगितलं, आणि पुढे म्हणाल्या, "आपण शिकलेल्या दिसता." त्यात शिवी नव्हती, आवाजही चढलेला नव्हता. पुण्यात याहून जास्त बोलावं लागत नाही.

रिक्षात आई मांडीवर पासबुक धरून बसली होती. पर्णकुटी चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी बोलायला सुरुवात केली आणि घर येईपर्यंत सगळं सांगितलं. ॲपचं, नाण्यांचं, तिच्या नावाच्या खात्याचं. रिक्षावाला ऐकत होता, ऐकू दे म्हटलं. आईनं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबली, कठड्याला धरून.

"म्हंजे रोज सकाळी मी जिवंत हाय म्हणून सांगत हुते, ते कुणालाच न्हाई?"

"एका ॲपला."

"त्यात माणूस न्हाई?"

"नाही."

ती चार पायऱ्या चढली. पुन्हा थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आन्‌ तू मला हसवायचीस, ते?"

मी म्हणू शकले असते, की नाही आई, ते खरं होतं. अर्धं तरी खरं होतं. पण त्या दिवशी माझ्यात कुठलंही अर्धं बोलण्याचं बळ नव्हतं. "ते लागायचं," मी म्हणाले. "हसल्याशिवाय होत नव्हतं."

"आसं व्हय," आई म्हणाली आणि उरलेला जिना चढली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त खूप दमलेली दिसत होती, आणि मीही.

त्याच महिन्यात ॲपची सूचना आली. महिनाअखेरपर्यंत नाणी काढून घ्या, त्यानंतर जुनी खाती बंद. नाण्याचा भाव तोवर पार खाली आला होता. माझ्या खात्यातलं मी काढलं. त्यात एक गॅस सिलिंडर आला. आठ महिने मान मोडून एक सिलिंडर. आईच्या खात्यात मात्र बरंच जास्त होतं, कारण तिच्या साखळीत एकही खाडा नव्हता. मला तर ताप आला तेव्हा माझा सुजलेला चेहरा ॲपला पटला नव्हता आणि दोन दिवस गेले होते. आईचा एकही दिवस चुकला नव्हता. ते काढायला शेवटचा एकदा तिचा चेहरा लागत होता.

मी तिला विचारणार नव्हते. पण आता लपवायचं काही नाही असं ठरवलं होतं, म्हणून सूचना वाचून दाखवली.

"तुजं अडलंय ना?" ती म्हणाली. "मग काढ. तुज्या कष्टाचं हाय."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती खुर्चीत येऊन बसली. अंघोळ झालेली, केस विंचरलेले. डोळे मिचकवले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग हसायची वेळ आली आणि ती नुसती गोलात बघत राहिली. मी बाबांच्या पोचपावतीची गोष्ट सुरू केली आणि तिसऱ्या वाक्यालाच ती अर्धी सोडून दिली. आईनं ओठ ताणून पाहिले. तोंड उघडून दात दाखवले. पण ते हसणं नव्हतं आणि ते ॲपलासुद्धा कळलं. पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा प्रयत्न करा. तिसऱ्यांदा झाल्यावर उद्या या, असं आलं.

"येत न्हाई गं," आई म्हणाली. जणू तिचीच काही चूक झाली होती. "वढून बी येत न्हाई."

दुसऱ्या दिवशीही ती बसली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी फोन घेऊन गेलेच नाही आणि तिनं विचारलं नाही. महिना संपला, खातं बंद झालं. त्या नाण्यांचं मला फार वाईट वाटलं असं नाही. वाईट याचं वाटलं, की ती पुन्हा साडी न बदलता बसून राहायला लागली. दहा वाजायचे आणि आम्ही दोघी आपापल्या खोल्यांत असायचो.

पेन्शन सुरू झाली. मला एका दवाखान्यात केसपेपर काढायचं काम मिळालं, दुपारी दोन ते रात्री नऊ. एक दिवस आईच काकूंच्या दाराशी गेली आणि दोघींचं गोड झालं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, माझ्याबद्दल असणारच. काकू पुन्हा सकाळी येऊन बसायला लागल्या.

मार्चमधली गोष्ट. मी ओट्यापाशी चहा करत होते. काल आई विहारात गेली नव्हती. काकू तिला सांगत होत्या, की तिथे वंदना चालू असताना त्यांची कवळी निसटली आणि पुढे बसलेल्या मुख्याध्यापिकाबाईंच्या खांद्यावर पडली, आणि त्या बाईंनी डोळे मिटूनच, फूल पडलं असं समजून, ती कपाळाला लावली. आई हसली. आधी नाकातून फुस्सकन, मग खांदे हलायला लागले, मग तोंड उघडून, डोळे मिटून, भिंतीला टेकून ती हसत राहिली. अशी मी तिला आठ महिन्यांत एकदाही हसवू शकले नव्हते.

माझा हात ओट्यावरच्या फोनकडे गेला. मी उचलला सुद्धा.

आईनं डोळे उघडले आणि माझा हात पाहिला. तिनं पदरानं डोळे पुसले, खुर्चीत सरळ झाली आणि चेहरा माझ्याकडे धरला. ओठांवर हसू तसंच होतं, ती ते जपून धरत होती.

"घे लवकर," ती म्हणाली. "आलंय तवर."

काकू आमच्या दोघींकडे बघायला लागल्या. चहा उतू जात होता.

"खातं बंद झालंय, आई," मी म्हणाले. "जानेवारीतच."

"मग हात कशापायी गेला?"

"तू हसत होतीस म्हणून," मी म्हणाले.

आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बाबा खिडकीपाशी कागद उजेडात धरून शिक्का बघायचे, तशी. खरा निघाला की खोटा, ते तिनं सांगितलं नाही.